माहुलहून शिवडी

पत्र टाकलं की ते आधी दिल्लीला जातं,
छप्पन्न एपीओचा शिक्का घेतं
आणि फिरून शिवडीत पोचतं नवव्या दिवशी.
मी इथे माहुलच्या टेकडीवर, तोफेपाशी.
मधे खाडीचा चिखल, तिवरं,
ओहोटीला एखादा कोळी
ढोपरभर गाळातून अर्धी वाट तुडवेल, एवढं अंतर.

कुठे आहोत ते लिहायचं नाही, असा हुकूम.
म्हणून लिहितो, इकडची हवा बरी आहे.
इंदू, दुपारनंतर ती तुमच्यावरूनच येते.

कुठल्याशा महिला मंडळानं
जवानांसाठी लोकरीचे मोजे विणले.
बर्फात जायचा गठ्ठा चुकून आमच्याकडे आला.
इथे डिसेंबरातही बनियन भिजतं.
एक मोजा मी चहाच्या मगाला घालतो,
शेवटचा घोट निदान कोमट लागतो.
दुसऱ्यात तुझी पत्रं.
त्याच्या टाचेशी कुणाचा तरी टाका सुटलाय,
तिथून बोट आत घालायचं, बाहेर काढायचं,
पहाऱ्यावर तेवढाच विरंगुळा.

परवा रिफायनरीच्या पाळीवरचा कुणी
खाली चौकीत एक डबा ठेवून गेला.
नाव नाही, चिठ्ठी नाही.
झाकण उघडलं आणि नाव कळलं:
सुक्या बोंबलाची चटणी,
लसूण नेहमीसारखा जास्त.
तुला कुणी सांगितलं?
मी तर फक्त हवेचं लिहिलं होतं.

मुथय्या मदुरैचा. बोटानं चाटली
आणि डोळे पुसत म्हणाला, तिखट आहे.
मग बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, शेलार, तुझं घर दिसतं तरी.

काय दिसतं?
भोंगा झाला की सगळं शहर पाटी पुसल्यासारखं.
किल्ल्याचा उंचवटा, त्याच्या उजवीकडे गोदामं,
मग थोडा जास्त काळा काळोख,
ती चाळ असावी, असं मी धरून चालतो.
तिथे काचांना खाकी कागद,
कागदामागे तू,
हळू बोल म्हणून नंदूला ओरडून सांगणारी.

पाच तारखेच्या रात्री त्या काळोखात
एक ठिपका दिसला.
विडीच्या टोकाएवढा, पिवळा, हलणारा.
मला आधी आनंद झाला,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
मग मागून हवालदारसाहेबांचा आवाज,
शेलार, ती बत्ती कुणाची?
मी म्हणालो, माहीत नाही साहेब.
खोटं नव्हतं ते.
फोनचं हँडल मीच फिरवलं.
शिवडी, किल्ल्याच्या उजव्या हाताला, वरचा मजला,
एक बत्ती उघडी आहे. विझवा.
पलीकडून विचारलं, कोण बोलतंय?
पोस्ट चार, म्हणालो.

ठिपका त्यानंतरही काही वेळ तसाच होता.
मी बघत राहिलो.
विझू नये असंही वाटलं,
आणि आभाळाकडे कान लावून
लवकर विझ, लवकर, असंही.
मग विझला.
मुथय्यानं न विचारता सिगारेटचं पाकीट पुढं केलं.
पेटवायला बंदी होती.
दोघांनी एकेक नुसती ओठांत धरली.

तुझं पत्र आलं, पुन्हा दिल्ली बघून.
रॉकेलची लाइन, सासूबाईंचा गुडघा,
आणि अगदी खाली, जागा उरली नाही म्हणून कडेनं आडवं:
नंदूचा दात पडला, पुढचा.
अंधारात हरवला म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं.
शेवटी मेणबत्ती लावून शोधला.
वॉर्डन खालून काय काय बोलला, लिहीत नाही.
दात कौलावर टाकतात,
चाळीला कौलं कुठे? म्हणून तुमच्याकडे.

पाकिटाच्या कोपऱ्यात, पुडीत, तांदळाएवढा.

सुई-दोरा मुथय्याकडे असतो.
टाचेचं ते भोक मी आज शिवून टाकलं.